गोव्यातल्या जुन्या हॉटेलांतला आफ्टरनून टी: काय विचारावं, काय तपासावं, घरी मांडताना कुठे फसतं

रायबंदरची_कपबशी

जुन्या, नावाजलेल्या हॉटेलात दुपारच्या चहाला जायचं तर जे आधी माहीत असलेलं बरं, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. हॉटेलांची क्रमवारी लावायची नाही. आचारी बदलतो, मेन्यू बदलतो, या हंगामात चांगलं ते पुढच्या हंगामात तसंच मिळेल याची खात्री नाही. चहा, पदार्थ आणि गोव्याच्या हवेत त्यांचं काय होतं, यावर लिहा.

थोडक्यात पार्श्वभूमी. १८४० च्या सुमारास बेडफर्डची डचेस ॲना हिने दुपारचं हलकं खाणं आणि रात्री आठचं जेवण यांच्यामध्ये चहा, पाव, लोणी मागवायला सुरुवात केली, तिथून ही चाल इंग्रज उमरावांत पसरली आणि पुढे हॉटेलांत आली. आपल्याकडे मुंबईच्या ताजमहाल पॅलेसमधलं (१९०३) सी लाउंज यासाठी प्रसिद्ध आहे. गोव्यावर इंग्रजांचं राज्य नव्हतं, त्यामुळे इथे ही चाल घराघरातून नाही, हॉटेलांतून आली. आपला चार वाजताचा चहा म्हणजे पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा आणि गरम पाव.

जागांचं म्हणाल तर आग्वाद किल्ल्याच्या तटाशी १९७४ मध्ये उभं राहिलेलं ताज, तेरेखोलच्या किल्ल्यातलं छोटं हॉटेल, पणजीच्या फोंतेन्यस वाड्यातल्या जुन्या घरांची झालेली हॉटेलं. प्रत्येक ठिकाणी रोज तीन मजली स्टँड (खाली सँडविच, मध्ये स्कोन म्हणजे बेकिंग पावडरवर फुगवलेला छोटा पाव, वर गोड) लागतोच असं नाही, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगितलं तरच करतात. म्हणून फोन आधी. फोनवर हे विचारा:

१. टेबलावर तीन मजली स्टँड येतो की बुफे आहे? 'हाय टी' या नावाखाली दोन्ही खपतं. बुफेत सामोसे, पास्ता आणि केक असतो. तो वाईट नसतो, पण वेगळा असतो.
२. चहा सुट्ट्या पत्तीचा की पिशवीचा?
३. स्कोन कधी भाजतात? 'मागणी आल्यावर' किंवा 'त्याच दुपारी' हेच उत्तर हवं.
४. बसायची जागा कुठे, पश्चिमेकडे की सावलीत?

दुसऱ्या प्रश्नाला समोरचा अडखळला तर पुढचे विचारायची गरज नाही.

---

चहाटळ

स्टँडचा फोटो सगळे काढतात, पण पैसे वसूल होतात ते किटलीत. म्हणून किटलीपासून.

एका माणसाला साधारण ४०० मिली पाणी मावणारी किटली येते. त्यात ५ ते ६ ग्रॅम पत्ती लागते, म्हणजे मोठ्या पानांची असेल तर चहाचे तीन भरपूर चमचे, बारीक असेल तर दोन. चमच्याचं माप फसवं असतं. दार्जिलिंगची पानं फुगीर, त्याच चमच्यात आसामची बारीक पत्ती जवळपास दुप्पट वजनाची भरते.

पाणी आणि वेळ:

आसाम (ऑर्थोडॉक्स, म्हणजे न चिरडता वळलेली पानं): उकळतं पाणी, ४ मिनिटं.
दार्जिलिंग फर्स्ट फ्लश (मार्च-एप्रिलची तोडणी): ८५ ते ९० अंश, अडीच ते तीन मिनिटं.
दार्जिलिंग सेकंड फ्लश (मे-जून): ९५ अंश, ३ ते ४ मिनिटं.
निलगिरी: ९५ अंश, ३ मिनिटं.
अर्ल ग्रे (बर्गमॉट या लिंबासारख्या फळाचा वास दिलेला): उकळतं पाणी, ३ ते ४ मिनिटं.
ग्रीन टी: ७५ ते ८० अंश, २ मिनिटं. याहून गरम पाण्यात तो तुरट होतो आणि दोष चहाला लागतो.

हॉटेलात हमखास बिघडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, पाणी कॉफी मशीनच्या नळातून किंवा थर्मासमधून घेतात. ते गार किटलीत पडेपर्यंत ८० च्या घरात येतं. आसामला ते पुरत नाही. रंग येतो, अंग येत नाही. किटली आधी गरम पाण्याने विसळून घेतली की बराच फरक पडतो, आणि ही विनंती कुठलंही चांगलं हॉटेल वाईट वाटून न घेता मान्य करतं. दुसरं, पत्ती किटलीतच राहते. पहिला कप उत्तम, दुसरा कडवट, तिसरा पिववत नाही. यावर उपाय म्हणजे आतली जाळीची टोपली बाहेर काढणं, नाहीतर मुरलेला चहा दुसऱ्या तापवलेल्या रिकाम्या किटलीत गाळून घेणं. दोन्ही नसेल तर गरम पाण्याची वेगळी किटली मागा आणि दुसरा कप त्याने पातळ करा. ही गरम पाण्याची किटली खरं तर न मागता यायला हवी.

पाण्याबद्दल: ओपा जलप्रकल्पाचं नळाचं पाणी मऊ आहे, चहाला चांगलं. जांभ्या दगडातल्या विहिरीच्या पाण्यात लोह जास्त असेल तर चहा काळपट पडतो, कारण लोह आणि चहातली टॅनिनं एकमेकांना धरतात. आरओच्या पाण्यातले क्षार जवळपास सगळेच गेलेले असतात, त्याचा चहा सपक लागतो. आणि पाणी एकदाच उकळवा.

---

माशेलचा_मुलगा

दूध आधी की नंतर? आणि सीटीसी मागितली तर हसतील का?

---

चहाटळ

किटलीतला चहा असेल तर दूध नंतर. कारण साधं आहे: चहा किती कडक झालाय ते कपात पडल्याशिवाय कळत नाही, दूध त्याप्रमाणे घालता येतं. १५० मिलीच्या कपाला १५ ते २० मिली पुरे. आधी दूध घालायच्या रिवाजामागे नाजूक कप उकळत्या चहाने तडकू नये हा विचार होता असं सांगतात. बोन चायना तसा तडकत नाही.

पण खरा प्रश्न दूध गार की गरम हा आहे. आपल्याकडे हॉटेलवाले मायेने उकळलेलं दूध आणतात, वर साय धरलेली. त्या शिजक्या वासाने दार्जिलिंग मरतो. गार, ताजं दूध मागा. फर्स्ट फ्लशमध्ये मात्र दूध नकोच. लिंबू आणि दूध एकत्र कधी नाही, फाटतं. अर्ल ग्रेमध्ये यांपैकी एकच.

सीटीसी ही १९३० च्या सुमारास आसामात आलेली यंत्राची पद्धत. पत्ती चिरडून, फाडून, गोळ्या वळायच्या. दोन मिनिटांत लाल होते आणि दुधाला तिच्यासारखी दुसरी नाही. मागा बेलाशक. फक्त किटलीत दोन मिनिटांवर ठेवू नका.

---

पोदेर_पावणेचार

सँडविचवर लिहितो, कारण गोव्यात स्टँडचा खालचा मजला सर्वांत आधी हार मानतो.

कारण हवा. पावसाळ्यात आपल्याकडे दवबिंदू २४-२५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे याहून गार असलेली कुठलीही वस्तू उघड्या व्हरांड्यात आली की तिच्यावर पाणी धरतं. फ्रिजमधून ४ अंशांवर निघालेलं काकडीचं सँडविच पाच मिनिटांत ओलसर होतं, आणि आपण काकडीला दोष देतो. उपाय: सँडविच झाकणाच्या हवाबंद डब्यात ठेवायची, डबा बंदच ठेवून वीस मिनिटं आधी बाहेर काढायचा. पाणी डब्याच्या बाहेरून धरू दे. आतला पाव खोलीच्या तापमानाला आला की मगच झाकण उघडायचं.

काकडी: सोलून, २ मिलिमीटरच्या चकत्या. एका मध्यम काकडीला पाव चमचा मीठ, चाळणीत वीस मिनिटं, मग कापडात दाबून कोरड्या करायच्या. लोणी मऊ हवं, वितळलेलं नको, आणि दोन्ही स्लाइसना अगदी कडेपर्यंत लागलं पाहिजे. लोणी चवीसाठी आहेच, पण काकडीचं पाणी पावात उतरू नये म्हणूनही आहे. मध्येच जाडसर फासून कडा कोरड्या सोडल्या की तिथूनच पाव भिजतो. पांढरी मिरी, बस. भरल्यावर दहा मिनिटं वर हलकं वजन, मग कडा कापायच्या. कडा आधी कापून मग भरणारे लोक आहेत. त्यांची सँडविच कधीच सरळ येत नाहीत. प्रत्येक जोडीच्या तीन पट्ट्या, साधारण अडीच सेंटिमीटर रुंद.

पाव कुठला? आपले गोव्याचे पाव, उंडो किंवा पोळी (चपाती नव्हे, पोय), इथे चालत नाहीत. उंड्याचं कवच कडक, पोळीत कोंडा आणि आत पोकळी. साधा सँडविच ब्रेड, आदल्या दिवशीचा. ताजा ब्रेड कापताना चुरगळतो.

अंड्याच्या सँडविचमध्ये इंग्रज जी क्रेस घालतात ती म्हणजे आपल्या अळिवाची कोवळी रोपं. ओल्या कापसावर अळीव पसरा, आठवड्यात कात्रीने कापण्याइतकी होतात. तिखटसर चव असते, अंड्याला शोभते. बाजारात शोधत फिरू नका.

कोंबडीचं भरण करायचं तर काफ्रियालचं (हिरव्या मसाल्यातल्या गोवन कोंबडीचं) उरलेलं मांस बारीक चिरून लोण्यात कालवलेलं छान लागतं. मसाला कोरडा करूनच घ्या, नाहीतर हिरवं पाणी पावात. चोरिसाचे (मसालेदार गोवन सॉसेजचे) मिनी पाव करून देतात काही ठिकाणी. चव भन्नाट, पण तेल झिरपतं आणि शेजारच्या काकडीलाही चोरिसाचा वास लागतो. वेगळ्या बशीत मागवा.

---

कोलवाळकर

दुपारच्या चहाचं खरं श्रेय पोर्तुगीजांना द्यायला हवं ना? ब्रागांझाच्या कॅथरिनने चहा इंग्लंडात नेला.

---

रायबंदरची_कपबशी

अर्धं बरोबर. कॅथरिन १६६२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून गेली, तिच्या हुंड्यात मुंबई गेली, आणि दरबारात चहा प्यायची तऱ्हा तिच्यामुळे रुळली हे खरं. पोर्तुगीजांना चहा मकावमार्गे आधीपासून माहीत होता. पण लंडनच्या कॉफीहाउसमध्ये चहा १६५७ पासून विकला जात होता, म्हणजे तिच्या आधी. आणि दुपारी चार वाजता सँडविचसह चहा ही भानगड त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी आली. तिने चहाला प्रतिष्ठा दिली, स्टँड नाही दिला.

---

सायसाखर

स्कोनला हात घालते, कारण मधला मजला हा या सगळ्या प्रकाराचा कणा आहे आणि तिथेच सर्वाधिक फसवणूक होते. बऱ्याच ठिकाणी स्कोन म्हणून गोड बनच येतो. खरा स्कोन हाताने मधोमध ओढला की स्वतःहून दोन भागांत सुटतो, कडेला आडवी भेग दिसते, आत मऊ, बाहेरून किंचित खरबरीत. सुरी लागलीच तर समजा तो सकाळचा आहे.

५ सेंटिमीटरच्या दहा-बारा स्कोनसाठी: मैदा ३५० ग्रॅम, बेकिंग पावडर चार सपाट चहाचे चमचे, थंडगार लोणी ८५ ग्रॅम, साखर ४० ग्रॅम, दूध १७५ मिली, त्यात एक चमचा लिंबाचा रस घालून पाच मिनिटं ठेवलेलं. बाजारचं खारं लोणी असेल तर वेगळं मीठ नको.

मैदा आणि बेकिंग पावडर दोनदा चाळा. लोण्याचे तुकडे करून बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळा, रव्यासारखं दिसेपर्यंतच. तळहात लावू नका. गोव्यात एप्रिल-मेमध्ये लोणी हातातच वितळायला लागतं, म्हणून मैदा आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वितळलेलं लोणी मैद्यात मुरून जातं. लोण्याचे कण तसेच राहिले तर भट्टीत त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. साखर मिसळा, दूध एकदम घाला, सुरीने चार-पाच फेरे. गोळा ओबडधोबड, हाताला चिकटणारा हवा. पोळीच्या कणकेसारखा मळलात तर संपलं, मैद्याचा चिवटपणा जागा होतो आणि स्कोन वाढत नाही. पीठ भुरभुरवलेल्या ओट्यावर थापून अडीच ते तीन सेंटिमीटर जाडी ठेवा. लाटणं नको. कटर मैद्यात बुडवून सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवलात की कडा दाबून बंद होतात आणि स्कोन एका बाजूला कलतो. वरून फक्त दुधाचा हात, तोही कडेवरून ओघळू न देता. २२० अंश, १० ते १२ मिनिटं. ओटीजी किमान पंधरा मिनिटं आधी तापवा. आतला दिवा लागला म्हणजे तापला असं नाही.

फुगले नाहीत तर आधी बेकिंग पावडर तपासा. आपल्या दमट हवेत उघडलेला डबा लवकर मरतो. चमचाभर पावडर कडक पाण्यात टाका. जोरात फसफसली तर ठीक, नुसती बुडबुडली तर टाकून द्या.

आता स्कोनवर जॅमबरोबर लावायचं क्लॉटेड क्रीम, म्हणजे मंद आचेवर धरलेली घट्ट साय. फेटलेली साय म्हणजे क्लॉटेड क्रीम नाही, आणि गोड व्हिप्ड क्रीम तर नाहीच नाही. कॉर्नवॉलच्या क्लॉटेड क्रीमला किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो आणि वर सोनेरी पापुद्रा असतो. घरी करायचं तर टेट्रापॅकच्या क्रीमने होत नाही. ते होमोजनाइज्ड असतं, त्यातले चरबीचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर तरंगून थर धरतच नाहीत. त्याऐवजी म्हशीचं पूर्ण सायीचं दूध घ्या, होमोजनाइज्ड नसलेलं. दोन लिटर दूध पसरट पातेल्यात, मंदातल्या मंद आचेवर तासभर, ८०-८५ अंशांवर. उकळी येऊ द्यायची नाही, ढवळायचं नाही. कोमट झालं की न हलवता फ्रिजमध्ये बारा तास. दुसऱ्या दिवशी वरचा जाड थर झाऱ्याने उचला. वाटीभर मिळतं. खालच्या दुधाचं दही लावा. विरजणासाठी रोजची साय साठवतो ती इथे नको, ती आंबूस झालेली असते.

जॅम आधी की क्रीम आधी यावर डेव्हन आणि कॉर्नवॉल भांडतात. डेव्हनला क्रीम आधी, कॉर्नवॉलला जॅम आधी. गोव्यात तरी कॉर्नवॉलचं ऐका. गरम स्कोनवर थेट क्रीम घातलं तर खोलीचं तापमानच ३२ असल्याने ते बघता बघता तूप होतं. मध्ये जॅमचा थर असला की थोडं टिकतं. दोन्ही अर्ध्या वेगवेगळ्या खायच्या, वर झाकण ठेवून वडापाव करायचा नाही. स्ट्रॉबेरी जॅमच्या जोडीला मांगाड (आंब्याचा जॅम) ठेवलं तर उत्तम, त्यात थोडं लिंबू पिळून, कारण ते एरवी फारच गोड असतं.

---

शेणवी_वाडो

श्रावणात जायचंय, घरात अंडं चालत नाही. काय विचारावं?

---

सायसाखर

वर दिलेल्या स्कोनमध्ये अंडं नाही, पण हॉटेलात वरून अंड्याचा हात फिरवतात, तो विचारून घ्या. मूस आणि जेली असलेल्या मिठायांत जिलेटिन असतं, हे शाकाहारी थाळीतही चुकून येतं. मॅकरॉन आणि मेरँग म्हणजे अंड्याचा पांढरा भागच. लेमन कर्डमध्ये बलक. सँडविचमधल्या मेयोनीजबद्दल विचारा. आदल्या दिवशी कळवलंत तर वरच्या मजल्यावर दोदोल (नारळाच्या दुधाची गुळाची मिठाई), दोस (हरभऱ्याच्या डाळीची वडी), पेराद (पेरूची वडी) मिळू शकतं, तिन्हींत अंडं नाही. बेबिंक (थरांची गोवन मिठाई) मात्र बलकांवरच उभं असतं.

---

सासष्टीचो_गोडवो

वरचा मजला गोव्याने आपला करायला हवा, असं माझं मत. फ्रेंच पेस्ट्री आपल्या हवेत तग धरत नाही. मेरँग आणि मॅकरॉन साखरेमुळे हवेतलं पाणी ओढतात, जुलैत तासाभरात चिकट. एक्लेअरचं कवच दोन तासांत मऊ. चॉकलेट व्हरांड्यात घाम धरतं. याउलट आपली गोडं याच हवेत घडलेली आहेत.

माझी मांडणी: बोलिन्यां (रवा-खोबऱ्याची), बातिकचे (रवा-नारळाच्या केकचे) लहान चौकोन, पेराद आणि बेबिंक. बेबिंकला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाचं दूध, बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ आणि प्रत्येक थराला तूप. एक थर वरच्या आचेवर पूर्ण भाजल्याशिवाय पुढचा ओतायचा नाही. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि कापल्यावर रेषा दिसत नाहीत. चहाबरोबर द्यायचा तुकडा ३ सेंटिमीटरचा चौकोन, सेंटिमीटरभर जाड. आणि फ्रिजमधून थेट कधीच नाही. तूप आणि नारळाची चरबी गोठते, टाळूला मेण चिकटतं. अर्धा तास बाहेर, किंवा १५० अंशांवर पाच मिनिटं.

पोर्तुगीज नाता (अंड्याच्या कस्टर्डचा छोटा टार्ट) ठेवायचा तर त्याच दुपारचा. सकाळचा असेल तर १८० वर पाच मिनिटं तापवल्यावर पापुद्रा पुन्हा कुरकुरतो.

ऑगस्टात पातोळ्यो. हळदीच्या पानात वाफवलेल्या, दमट हवेचं त्यांना काही वाटत नाही. आकाराने छोट्या वळायच्या, पान सोलून द्यायच्या.

---

चहाटळ

बेबिंक आणि दोदोल एकाच स्टँडवर नको, एवढंच म्हणतो. दोन्हींत नारळाचं दूध, दोन्ही जड. एक तुकडा खाल्ला की पुढचे दोन कप चवहीन. आणि बेबिंकबरोबर फर्स्ट फ्लश देणं हा चहावर अन्याय आहे. तिथे कडक आसाम हवा, दुधाशिवाय. काकडीला दार्जिलिंग, लिंबाच्या गोडाला अर्ल ग्रे, चोरिसाला जमलं तर लॅपसांग, धुरावलेला चहा, वासाला वास. सुरुवात हलक्या चहाने, शेवट कडक. हॉटेलात दुसरी किटली वेगळ्या चहाची मागता येते, बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लागत नाहीत. आधी विचारा.

---

सासष्टीचो_गोडवो

दोदोल माझ्या मांडणीत नाहीच. बेबिंक सोडणार नाही. :)

खारं एक राहिलं: रिसॉयस. कोळंबीचं अर्धचंद्राकृती तळण. एक कप दूध-पाणी, चमचाभर लोणी, मीठ घालून आधण आणायचं, एक कप मैदा एकदम ओतून गोळा सुटेपर्यंत ढवळायचं. उकडीसारखंच. गरम असताना मळून पातळ लाटा, सहा-सात सेंटिमीटरच्या चकत्या. भरण म्हणजे कोळंबी आणि घट्ट पांढरा सॉस. सॉस चमच्यातून ओघळत असेल तर तळताना फुटणार, गार झाल्यावर गोळा धरला पाहिजे. अंडं, ब्रेडचा चुरा, १७५ अंशांचं तेल. स्टँडवर सर्वांत शेवटी ठेवायचे, सँडविचच्या शेजारी नाही. वाफेने पाव ओला होतो.

---

तिसवाडीचा_हिशेब

बिलाचं कुणी बोलत नाही म्हणून. दर माणशी आहे की स्टँडचा, ते विचारा. काही ठिकाणी दोघांत एक स्टँड चालतो, जादा किटलीचे पैसे वेगळे. मोठ्या हॉटेलांत खाण्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, मेन्यूवरचा आकडा बहुधा कराविना असतो. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आपोआप बिलात लावता येत नाही. काढायला सांगता येतं, भांडायची गरज नाही.

जागा: समुद्राकडची गच्ची पश्चिमेला असते. दुपारी चार वाजता ऊन थेट डोळ्यांत आणि क्रीमवर. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सातनंतर. म्हणजे हिवाळ्यात चारची वेळ चालते, मेमध्ये पाचची घ्या, नाहीतर आतली खोली. दुपारी समुद्रावरून येणारा वारा जोरात असतो, उघड्या टेबलावर किटली दहा मिनिटांत कोमट. टीकोझी (किटलीवर घालायचं उबदार टोपडं) मागा. आणि कावळे. स्टँडचा वरचा मजला त्यांच्या बरोबर नजरेसमोर असतो. फोटो काढायला सगळे एकदम उठू नका.

तेरेखोलला जाणाऱ्यांनी केरीच्या फेरीबोटीची वेळ आधी बघून ठेवा.

---

माशेलचा_मुलगा

स्टँड खालून वर खायचा ना? आणि चमचा कसा ढवळायचा वगैरे?

---

रायबंदरची_कपबशी

खालून वर: खारं, स्कोन, गोड. पण स्कोन गरम आले असतील तर ते आधी, सँडविच थांबू शकतात. काही ठिकाणी स्कोन सर्वांत वर झाकणाखाली असतात, जुनी पद्धत आहे ती. हाताने खायचं, केक काट्याने. चमचा पुढे-मागे, कपाला न वाजवता, मग बशीत कपाच्या मागे. टेबल उंच असेल तर बशी टेबलावरच राहू दे. करंगळी वर करायची गरज नाही, तो सिनेमातला प्रकार आहे. पोशाख नीटनेटका पुरे, पण समुद्रावरून थेट ओल्या कपड्यांत आलात तर जुन्या हॉटेलात आत घेत नाहीत.

---

पोदेर_पावणेचार

घरी आठ जणांसाठी करायचं असेल तर हिशेब: सँडविचच्या ३२ ते ३३ पट्ट्या, म्हणजे ११ जोड्या, २२ स्लाइस, दोन ब्रेड आणा. लोणी सँडविचला सव्वाशे ग्रॅम. स्कोन १६, वर दिलेल्या कृतीच्या दीडपट. गोडाचे दर माणशी तीन छोटे तुकडे. चहाला दोन किटल्या, दोन प्रकार, आणि तिसरी गरम पाण्याची. एकूण पत्ती ५० ते ६० ग्रॅम धरा, दुसऱ्या फेरीसकट.

वेळापत्रक, चहा चारला असेल तर: आदल्या रात्री क्रीम, बेबिंक. सकाळी स्कोनचं कोरडं मिश्रण लोण्यासकट करून फ्रिजमध्ये. दोन वाजता सँडविच. साडेतीनला ओटीजी चालू, पावणेचारला दूध घालून स्कोन आत. सँडविचचा डबा बाहेर तीन चाळीसला. पाहुणे बसल्यावर पाण्याला आधण, आधी नाही.

अंडं, मेयोनीज, कोळंबी असलेलं काहीही उन्हाळ्यात तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. क्रीमची वाटी बर्फाच्या बशीत. टेबल अंगणात असेल तर पायांखाली पाण्याच्या वाट्या, नाहीतर मुंग्या बेबिंकपर्यंत तुमच्या आधी पोचतात.

---

कोलवाळकर

मेमध्ये गरम चहा कोण पिणार? आइस टी चालेल का या स्टँडबरोबर?

---

चहाटळ

चालेल, पण पत्ती निलगिरीची घ्या. आसाम कडक करून गार केला की गढूळतो, निलगिरी बहुधा स्वच्छ राहतो. लिटरभर गार पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती, फ्रिजमध्ये सहा ते आठ तास, मग गाळायचा. गरम करून बर्फ घालायचा असेल तर पत्ती दुप्पट, नाहीतर बर्फ वितळून पाणी होतं. साखर विरघळत नाही म्हणून पाक वेगळा द्या. कोकमाचा आगळ दोन चमचे घातला तर रंग झकास येतो, लिंबाची गरज राहत नाही.

---

शेणवी_वाडो

स्कोन उरले तर?

---

सायसाखर

पूर्ण गार झाले की त्याच संध्याकाळी हवाबंद पिशवीत फ्रीझरमध्ये, महिनाभर राहतात. फ्रिजमध्ये नको, तिथे लवकर कोरडे पडतात. गोठलेलेच १६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, वरून पाण्याचा हात फिरवून. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेत तर पहिले दोन घास मऊ आणि मग चिवट. कच्चे कापलेलेही गोठवता येतात, ते थेट ओटीजीत २१० वर, नेहमीपेक्षा तीन-चार मिनिटं जास्त.